मगरी मोजणारा अपूर्णांक : दांडिया बाजारातल्या गेम-वर्गाच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुने डेस्कटॉप जोडून झाले. एका कचेरीने नवे घेतले आणि हे आपल्याला दिले. काही कीबोर्डांची बटणं जोरात दाबावी लागतात, पण स्क्रॅच, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) जोडून खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, व्यवस्थित चालतं आणि आपल्याला तेवढं पुरे. इंटरनेट मुद्दाम घेतलेलं नाही. मुलांनी एका खोलीत, एका खेळाभोवती, एकमेकांशी भांडत-बोलत बसावं असं मला वाटतं.

गेममधून गणित शिकायचा हा वर्ग सहावी ते आठवीचा, दर रविवारी सकाळी. मुलं बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातली; काही समा आणि कारेलीबागेतून येतात. घरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, गल्लीत तिन्ही. शाळेच्या सवयीने मला आधी 'बेन' अशी हाक येते, मग जीभ सावरून 'ताई'.

प्रकल्प कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. मोबाइलवर मूल एकाच लेव्हलला पुन्हापुन्हा हरतं आणि लगेच परत सुरू करतं. तेच मूल अपूर्णांकाचं गणित दोनदा चुकलं की वही मिटतं. हरणं दोन्हीकडे आहे. मग एका हरण्याने पुन्हा बसावंसं वाटतं आणि दुसऱ्याने उठावंसं वाटतं, हे कशामुळे? एवढं जरी नीट कळलं तरी माझ्या शाळेतल्या तासांना त्याचा उपयोग होईल.

पालकांची बैठक झाली. पहिला प्रश्न अपेक्षित तोच: "ताई, आधीच मोबाइल सुटत नाही, त्यात तुम्ही गेम शिकवणार?" त्यांची काळजी खरी आहे. २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळणाऱ्या मुलांना पोलिसांनी पकडलं होतं ते इथे सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि २०२० मध्ये त्या गेमवर देशभर बंदी आली तेव्हा घराघरांतून सुटकेचा निःश्वास पडला होता. मी त्यांना सांगितलं ते असं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. मुलाला शाळेत आणून बसवण्याचं काम आपल्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी झालं आहे. बसलेल्या मुलाचं मन तिथे आणणं उरलं आहे, आणि त्यासाठी त्याचं मन आज जिथे आहे तिथपर्यंत आपल्याला जावं लागेल.

नियम ठरले: यंत्रावर चाळीस मिनिटं, त्यानंतर तेवढाच वेळ कागद आणि गप्पा. एका यंत्रावर दोघं. हेडफोन नाहीत.

मदतीला टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकणारा एक मुलगा आहे, १८९० च्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेतून वाढलेली ती फॅकल्टी. मुलं त्याला दादा म्हणतात, मीही या नोंदीत दादाच म्हणते.

२२ जून

सुरुवात तयार खेळाने केली: टक्स मॅथ. मोफत आहे, जुन्या यंत्रावर चालतो. आकाशातून उल्का पडतात, प्रत्येकीवर एक गणित लिहिलेलं, उत्तर टाइप केलं की उल्का फुटते. मुलं लगेच रमली. आरडाओरडा इतका की खाली पेपर वाचणाऱ्या आजोबांनी वर डोकावून पाहिलं.

मी मागे उभी राहून नुसतं बघत होते. दोन गोष्टी दिसल्या. एक, मुलं स्वतःहून सोपी लेव्हल निवडत होती, कारण २ चा आणि ५ चा पाढा घेतला की स्कोअर भराभर वाढतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ७ × ८ ला अडलेल्या मुलाने ५४ टाइप केलं, उल्का फुटली नाही, त्याने ५५ टाकलं, मग ५६. फुटली. तो पुढच्या उल्केकडे वळला. ५४ का नाही, हे खेळाने त्याला सांगितलं नाही आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नाही.

सरावासाठी खेळ चांगला आहे, यात वाद नाही. ज्याला पाढे येतात त्याचा हात वेगाने चालू लागतो. ज्याला येत नाहीत त्याला मात्र इथे ते येण्याचं काही कारण नाही.

२९ जून

आज मुलं गेल्यावर दादाबरोबर बसले. इंग्लंडमध्ये हॅबगुड आणि एन्सवर्थ यांनी केलेला एक प्रयोग त्याला सांगितला. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी भागाकाराचा खेळ बनवला होता: सांगाड्यांच्या छातीवर संख्या, आणि खेळाडूच्या हातात वेगवेगळे वार. ज्या वाराच्या आकड्याने ती संख्या निःशेष भागली जाते, त्याच वाराने सांगाडा पडतो. याच खेळाची दुसरी आवृत्ती केली, तिच्यात लढाई नुसतीच लढाई, आणि भागाकाराचे प्रश्न लेव्हलच्या शेवटी वेगळे. शिकवायचं तेच, चित्रं तीच. पहिल्या आवृत्तीतली मुलं जास्त शिकली. आणि कुठली खेळायची हे मुलांवर सोडलं तेव्हा पहिलीवर त्यांनी सातपट वेळ घालवला.

दादा म्हणाला, "म्हणजे ताई, दुसऱ्या खेळात गणित हा टोलनाका झाला. पैसे भरा, मग गाडी पुढे."

अगदी बरोबर. बाजारात 'शैक्षणिक' म्हणून मिळणारे कितीतरी खेळ असे टोलनाके उभे करतात: चार प्रश्नांची उत्तरं द्या, मग उडी मारायला मिळेल. मुलाला तेवढ्यात कळतं की मजा तिकडे आहे आणि गणित ही आडवी आलेली गोष्ट आहे. त्याच्या मनात हे आधीपासून असतंच, खेळ ते पक्कं करतो.

म्हणून आमची कसोटी ठरली. खेळातली चाल म्हणजेच गणित असलं पाहिजे. गणित काढून घेतलं आणि खेळ तरी चालू राहिला, तर तो खेळ आपल्या कामाचा नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

निम्मी मुलं घरच्यांबरोबर विठ्ठल मंदिरात. आलेल्यांना लवकर सोडलं आणि दुपारभर दादा आणि मी खेळ बांधत बसलो.

कल्पना जुनी आहे. थॉमस मलोन या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या सुमारास मुलांना खेळ का आवडतात याचा अभ्यास केला आणि आव्हान, कल्पना आणि कुतूहल अशी तीन कारणं मांडली. त्याने वापरलेला एक खेळ होता बाणांचा. संख्यारेषेवर कुठेतरी फुगे, तुम्ही अपूर्णांक टाइप करायचा, बाण त्या ठिकाणी जाऊन लागतो. चुकलात तर बाण तिथेच रुतलेला दिसतो, म्हणजे फुगा किती वर आणि किती खाली राहिला ते डोळ्यांना कळतं. टक्स मॅथमधल्या त्या ५४ ला जे मिळालं नाही ते हेच. चुकीच्या उत्तरालाही स्वतःची जागा मिळते, आणि ती जागा पुढच्या उत्तराला मदत करते.

आम्ही संख्यारेषेची विश्वामित्री, आपली बडोद्याची नदी, केली. डावीकडचा पूल ०, उजवीकडचा पूल १, मध्ये नदी. पाण्याखाली मगर. अपूर्णांक टाइप केला की बाण तिथे जाऊन पडतो. अंश आणि छेद यांच्यासाठी दोन वेगळ्या पेट्या, मगरीची जागा दर वेळी नवी. दशांश चिन्ह चालणार नाही, हा एक नियम मी हट्टाने घातला, नाहीतर ०.५, ०.६ करत मुलं अपूर्णांकाला वळसा घालून निघून जातील.

१३ जुलै

पहिल्याच डावात हरकत आली. समाहून येणारी सहावीतली मुलगी म्हणाली, "ताई, मगरीला बाण मारायचा? तिला मारणं गुन्हा आहे ना?"

गुन्हाच आहे. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या शेजारी. आणि ही बडोद्याची मुलं, शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी आहेत हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या वर्षी ऑगस्टच्या पुरात अकोट्यात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो त्यांच्यातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"मोजायचं. वनखात्यावाले रात्री बॅटरी घेऊन मोजतात. डोळे चमकतात."

दादाने तिथल्या तिथे बाण काढून बॅटरीचा झोत घातला. पडदा काळा, नदी गडद निळी, आणि झोत बरोबर जागी पडला की दोन डोळे लकाकतात. खेळ पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. मलोनच्या प्रयोगातही फुगे फोडण्याची कल्पना मुलग्यांना आवडली होती आणि मुलींना आवडली नव्हती. कल्पनेचं वेष्टण सगळ्यांना सारखं रुचतं असं धरून चालू नये, असं त्याने नोंदवलं होतं. आज ते माझ्यासमोर घडलं. शिवाय खेळात बदल सुचवणारी मुलगी त्यानंतर यंत्रापासून हलेना. खेळ आता तिचाही झाला होता.

२० जुलै

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

सातवीतली एक मुलगी, शाळेत अपूर्णांकांच्या बेरजेत सतत लाल शाई मिळवणारी. ती वर वर आणि खाली खाली मिळवते: १/२ अधिक २/३ बरोबर ३/५. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही चूक शेकडो वह्यांत पाहिलेली असते.

तिने १/२ टाइप केलं. झोत मगरीच्या अलीकडे. २/३ टाकलं, पलीकडे. म्हणजे मगर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. शेजारचा मुलगा कागदावर काहीतरी खरडत होता. हिने सरळ वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं: ३/५. झोत दोघांच्या मध्ये पडला, मगरीच्या किंचित पुढे. आता मगर १/२ आणि ३/५ च्या मध्ये. तिने परत तेच केलं: ४/७. किंचित अलीकडे. मग ४/७ आणि ३/५ घेतले: ७/१२.

डोळे लकाकले.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, माझी बेरीज इथे चालते."

दुसऱ्या डावात तेच, तिसऱ्यात तेच. दोन बाजूंचे दोन अपूर्णांक घ्या, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवा, नवा अपूर्णांक त्यांच्या मध्येच कुठेतरी पडतो. बाकीची मुलं आपापली यंत्रं सोडून तिच्या मागे उभी. कुणीतरी म्हणालं, "नशीब आहे." मग सगळ्यांनी मिळून ते खोटं पाडायचा प्रयत्न केला, मोठमोठे छेद घेऊन, अगदी जवळजवळचे अपूर्णांक घेऊन. पडेना. चाळीस मिनिटांचा नियम आज मी मोडू दिला.

२१ जुलै, रात्री

पुढच्या रविवारी मुलांना काय सांगायचं त्याची टिपणं.

तिने शोधलं ते खरं आहे आणि नेहमीच खरं आहे. जॉन फेरी नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये अपूर्णांकांचे तक्ते चाळताना याच बेरजेचा एक गुणधर्म नोंदवला, फ्रेंच गणिती कोशी याने त्याची सिद्धता दिली, आणि त्या तक्त्यातल्या मालिकेला आजही फेरीचं नाव आहे. तिला हे सांगायचंच. ज्या गोष्टीला वहीत फुली मिळते तिला गणितात मानाची जागा आहे, फक्त ती जागा बेरजेची नाही.

का मध्ये पडतो? क्रिकेटने सांगता येईल. पहिल्या आठवड्यात २ सामने खेळले, १ जिंकला. दुसऱ्या आठवड्यात ३ खेळले, २ जिंकले. मिळून ५ पैकी ३. एकूण कामगिरी वाईट आठवड्यापेक्षा बरी आणि चांगल्या आठवड्यापेक्षा कमी असणार, हे मुलांना हिशेब न करता पटेल. आणि त्याच उदाहरणातून कळेल की याला बेरीज का म्हणायचं नाही: अर्धा लाडू आणि दोन तृतीयांश लाडू एकत्र केले तर एका लाडवाहून जास्त होतात, ३/५ कसे होतील?

आणखी एक सुंदर गोष्ट हाती लागली. खरी बेरीज केली तर १/२ + २/३ = ७/६. तिचा अर्धा केला तर ७/१२. मगर तिथेच होती! म्हणजे काल मगर बरोबर मधोमध होती. तिच्या पद्धतीने टप्प्याटप्प्याने जावं लागलं, आणि शाळेतली बेरीज करून अर्ध केलं असतं तर एका उडीत पोचता आलं असतं. समान छेद कशासाठी शिकायचा, याचं इतकं चांगलं कारण मला आजवर वर्गात देता आलेलं नाही.

२७ जुलै

वरचं सगळं सांगितलं. लाडवाचं उदाहरण सांगताच ती मुलगी म्हणाली, "मग दोन्ही पद्धती ठेवायच्या. कुठे कुठली ते बघायचं." एवढं समजलं की माझं काम झालं. बरोबर मध्य काढण्यासाठी समान छेद करायला आज तिघा-चौघांनी स्वतःहून कागद मागितला.

वाचनालयाचे एक हितचिंतक काका वर आले होते. मुलांचा उत्साह बघून त्यांनी मनापासून देऊ केलं: दर महिन्याला पहिल्या तीन स्कोअरना बक्षीस, भिंतीवर नावांचा तक्ता. मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, म्हणून बसवून कारण सांगितलं.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते 'हे केलंस तर ते देईन' या बोलीने.

आणि हे आपल्याकडेही कुणाला नवं नाही. गिजुभाई बधेका भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून हेच सांगत होते की शिक्षाही नको आणि बक्षिसाची लालूचही नको. मराठीत ते काम ताराबाई मोडकांनी आणलं, त्या स्वतः भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून आलेल्या. काकांना ताराबाईंचं नाव माहीत होतं. ते ऐकल्यावर ते म्हणाले, "मग बक्षिसाच्या पैशात कीबोर्ड बदलून घ्या."

तक्त्याबद्दल माझा आक्षेप आणखी साधा आहे. यादीत वरची तीन नावं आनंदात असतात आणि खालची नावं हळूहळू रविवारी यायची बंद होतात. मला खालचीच मुलं हवी आहेत.

३ ऑगस्ट

पाऊस, वीज नाही. जमिनीवर दोरी टाकून तोच खेळ खेळलो. एकाने मगरीची जागा चिठ्ठीवर लिहून लपवायची, बाकीच्यांनी दोरीवर खडूने खुणा करायच्या. अर्धी, अर्ध्याची अर्धी अशी दोरी दुमडत मुलांनी स्वतःच मापं काढली. पडदा नसतानाही कुणी कंटाळलं नाही. खेळ नियमात होता, यंत्रात नव्हता, हे आम्हाला यातून कळलं.

१० ऑगस्ट

मुलांना आता स्वतःचा खेळ करायचा आहे. विषय कुठला, यावर फार चर्चा झाली नाही. पावसाळ्यात बडोद्यातल्या घरांत सकाळी दोन आकडे बोलले जातात: आजवा किती फूट, काळा घोडा किती फूट. काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, हे तिसरीतलं पोरही सांगतं. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला तेव्हा यांतली काही मुलं गच्चीवर होती. गेल्या ऑगस्टमध्ये तर पाणी ओसरायलाच दिवस लागले.

तर खेळ असा: तुम्ही आजवा तळ्याचे राखणदार. पावगडावर पाऊस पडतोय, तळं भरतंय. पाणी सोडलं तर काही तासांनी शहरात नदी चढते. नाही सोडलं तर बांधाला धोका. फारच सोडलं तर उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, कारण शहराच्या काही भागाचं पिण्याचं पाणी आजही सयाजीरावांनी बांधलेल्या याच तळ्यातून येतं. प्रत्येक डाव एका तासाचा निर्णय.

आज फक्त पावसाचं माप शिकलो. एक चौरस किलोमीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर. मुलांना आधी पटेना. मग किलोमीटरचे मीटर आणि मिलिमीटरचे मीटर करून तिघांनी वेगवेगळं काढलं आणि तेच आलं. पुढचं त्यांनीच विचारलं: ५०० मिमी म्हणजे? ५० कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर किती? पन्नास हजार. एका चौरस किलोमीटरला. त्यानंतर खोलीत बराच वेळ फक्त टँकरांच्या रांगेची गणितं चालू होती. कुणाची रांग अहमदाबादपर्यंत पोचली, कुणाची त्याही पुढे.

१७ ऑगस्ट

गेल्या वेळी घरी काम दिलं होतं: आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून या, पूर आला तेव्हा पाणी आधी कुठे शिरलं, किती तासांत चढलं, काय सगळ्यात आधी संपलं. मुलं वह्या भरून घेऊन आली. दूध संपलं. मेणबत्त्या संपल्या. समामध्ये पाणी रात्री चढलं, कारेलीबागेत पहाटे. एका आजींनी सांगितलं की पाऊस थांबला म्हणून सगळे झोपले आणि पाणी त्यानंतर आलं.

हे शेवटचं वाक्य फळ्यावर लिहिलं. पाऊस थांबल्यावर पाणी का आलं? वरून सोडलेलं आणि वर पडलेलं पाणी पोचायला वेळ लागतो म्हणून. खेळात हा उशीर घातला पाहिजे, असं मुलांनीच ठरवलं.

त्यांना मी 'ऑरेगन ट्रेल'ची गोष्ट सांगितली. १९७१ मध्ये मिनीॲपोलिसला डॉन रॉविच नावाचा शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. त्याने दोन मित्रांच्या मदतीने पश्चिमेकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या प्रवासाचा खेळ बनवला, तोही पडदा नसलेल्या, कागदावर छापणाऱ्या यंत्रावर. पुढे त्याने जुन्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचून वादळ, आजार, अपघात किती वेळा घडत ते काढलं आणि खेळातल्या संकटांचं प्रमाण त्याप्रमाणे बसवलं. आपल्या मुलांच्या वह्या म्हणजे त्या रोजनिशाच आहेत. ते ऐकून दोघा मुलांनी आणखी घरं विचारून यायचं कबूल केलं.

२४ ऑगस्ट

पालक पुन्हा चिंतेत. संसदेने याच आठवड्यात ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, बातम्यांत 'गेमवर बंदी' असं आलं. समजावून सांगितलं: बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. शिक्षणासाठीच्या खेळांना त्याच कायद्यात प्रोत्साहन आहे. एका वडिलांनी नंतर बाजूला येऊन विचारलं, "ताई, मुलगा घरी अजून त्या गोळीबाराच्या गेमवर बसतो. इथे येऊन ते सुटेल का?" मी त्यांना सुटेल असं सांगितलं नाही, कारण तसं वचन मला देता येत नाही. रोज रात्री त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसून तो काय खेळतो ते विचारा, एवढं मात्र सुचवलं. ते घरात कुणी विचारलेलंच नसतं.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीच्या मांडवात आमचा 'आजवा' खेळ! मंडळाने प्रोजेक्टर दिला, सजावटीच्या शेजारी पांढरी चादर. मुलं नियम समजावून सांगत होती आणि खेळत होते मोठे लोक. आधी संकोच, मग वाद. एक आजोबा पाणी सोडायलाच तयार होईनात, "पिण्याचं पाणी आहे ते", आणि त्यांचा बांध फुटला. त्यांच्या मागून खेळणाऱ्या काकूंनी सुरुवातीलाच दरवाजे सताड उघडले आणि कारेलीबाग बुडवली. सहावीतली आमची मगरवाली मुलगी शांतपणे सांगत होती, "काकू, तुम्ही सोडलेलं पाणी चार डावांनी पोचतं. आत्ताच्या नदीकडे बघून ठरवू नका."

पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक काका बराच वेळ मागे उभे होते. शेवटी पुढे येऊन म्हणाले, "तुमच्या खेळात प्रत्येक फुटाला सारखंच पाणी धरलंय. तळं बशीसारखं असतं, सरळ भिंतीच्या टाकीसारखं नसतं. वरच्या एका फुटात तळातल्या फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं." मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले; कुणाला राग आला नाही, सगळ्यांना ते लगेच दुरुस्त करायचं होतं. दादाला प्रसाद खाऊ दिला नाही, तिथेच लॅपटॉप उघडायला लावला.

आठवीच्या मुलांना मग वर्तुळाचं क्षेत्रफळ लागलं. पातळीबरोबर त्रिज्या वाढते, त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट.

१४ सप्टेंबर

कागदावर चाचणी घेतली. यंत्र नाही, मगर नाही, साधे शाळेसारखे प्रश्न. संख्यारेषेवर अपूर्णांक ठेवणं, दोन अपूर्णांकांत मोठा कुठला, मधला सुचवा: यात मुलं खूप पुढे गेली आहेत, जूनमध्ये गप्प बसणारीसुद्धा. बेरजेत मात्र चित्र मिश्र. ज्यांना खेळात बरोबर मध्य काढायची ओढ लागली होती त्यांची बेरीज पक्की झाली. नुसत्या झोताने अंदाज बांधत खेळणाऱ्यांची तिथेच राहिली. खेळात जी चाल करावी लागते तेवढंच मूल शिकतं, आसपासचं आपोआप येत नाही. त्यांच्यासाठी असा खेळ लागेल ज्यात समान छेद केल्याशिवाय पाऊलच टाकता येणार नाही.

सातवीतल्या त्या मुलीने १/२ + २/३ समोर ७/६ लिहिलं होतं आणि समासात बारीक अक्षरात, '३/५ मध्ये पडतो.'

२१ सप्टेंबर

उद्यापासून नवरात्र, दसऱ्यापर्यंत वर्गाला सुट्टी; रात्री गरबा खेळून सकाळी कुणी येणार नाही, आणि यावं असंही मला वाटत नाही.

शेजारच्या एका शाळेतल्या शिक्षिकेने दोन्ही खेळ मागितले. पेन ड्राइव्हवर दिले, बरोबर चिठ्ठी: फाइल बंद करून देऊ नका, मुलांना ब्लॉक उघडून आकडे बदलू द्या, स्कोअर भिंतीवर लावू नका, एका यंत्रावर दोघांना बसवा, आणि मूल चुकलं की लगेच उत्तर सांगू नका, झोत कुठे पडला ते आधी त्याला बघू द्या.

उरलेली कामं: 'आजवा'ची गुजराती आवृत्ती, मजकूर मुलंच लिहिणार. समान छेदाच्या खेळासाठी मुलांच्या दोन कल्पना आल्या आहेत. एकीत वेगवेगळ्या मापांच्या घागरींनी टाकी काठोकाठ भरायची, दुसरीत गरब्याच्या टाळ्या: तिनाच्या आणि चाराच्या ठेक्यातली दोन मंडळं एकाच वेळी टाळी कधी वाजवतील ते ओळखायचं. मला दुसरी जास्त आवडली, दादाला पहिली. दोन्ही करून बघू. आणि निवृत्त काकांकडून तळ्याच्या फूटवार साठ्याचा तक्ता दिवाळीच्या आत मिळवायचा. तोवर खेळातलं तळं बशीच्या हिशेबानेच भरत राहील.